वरच्या दोन फुटांतला इतिहास

(आपल्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



समितीचे चिटणीस घरी आले तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी म्हटले, "उत्तर मध्ययुगाचे पुरातत्त्व." ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ताई, त्यात हडप्पा येईल ना? लोकांना हडप्पा आवडतं." हडप्पा येणार नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना उठायचे असेल त्यांनी आत्ताच उठावे. बाहेर चहा तयार आहे.

पुरातत्त्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चार-पाच हजार वर्षांपूर्वीचे काहीतरी येते. मी बोलणार आहे ते साधारण इ. स. १३०० ते १७०० या चारशे वर्षांबद्दल. म्हणजे देवगिरीच्या यादवांचा अस्त, बहामनी, विजयनगर, आदिलशाही-निजामशाही आणि शिवकाल. या काळाचे बखरी, पत्रे, फर्माने, शिलालेख असे लिखाण भरपूर आहे. मग जमीन कशाला खणायची, असा प्रश्न कोणालाही पडेल. मी शिकत होते तेव्हा तो आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळांनाही पडत असे, आणि त्याचे जे उत्तर दिले जाई त्यात मीही सामील होते. ती गोष्ट आधी सांगते.

विद्यार्थिदशेत मी एका उत्खननावर होते. जागेचे आणि माणसांचे नाव घेत नाही. पांढरीचे टेकाड होते आणि आम्हाला सातवाहन थर गाठायचा होता. हाताशी दिवस थोडे, पैसे त्याहून थोडे. वरची मीटरभर माती आम्ही दोन दिवसांत काढली. त्या मातीत काचेच्या रंगीत बांगड्यांचे तुकडे होते, झिलई दिलेली खापरे होती, मातीच्या चिलमी होत्या, एक चूल होती. "ही अलीकडची भर आहे," असे म्हणून ते सगळे पाट्यांनी बाहेर गेले. कोणता तुकडा कुठल्या खोलीवर मिळाला, कशाच्या शेजारी मिळाला, काहीही लिहिले नाही. पुढे खाली गेल्यावर मात्र आम्ही ब्रशाने एकेक कण झाडत होतो आणि वहीत सेंटिमीटर लिहीत होतो.

मी त्या ढिगातून एक निळसर झिलईचा तुकडा उचलून रुमालात ठेवला. अजून माझ्याकडे आहे. त्याचा आता काही उपयोग नाही. मधल्या काळातले एक अख्खे घर, त्यातली चूल, चुलीपाशी बसणारी बाई, चिलीम ओढणारा म्हातारा, चार पिढ्यांचा संसार आम्ही दोन दिवसांत ढिगाऱ्यावर टाकला, हे मला फार उशिरा कळले. एखादी जागा एकदाच खणता येते. पुस्तकाचे पान वाचून झाल्यावर ते फाडून टाकावे, तसे हे काम आहे. आम्ही तर न वाचताच फाडले.

सगळ्यांनीच असे केले असे नाही, हेही सांगितले पाहिजे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला १९४५-४६ मध्ये डॉ. सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी खोदले. ती जागा रोमन जगातून आलेल्या पोसायडनच्या छोट्या मूर्तीसाठी प्रसिद्ध आहे. पण तिथल्या वरच्या, बहामनी काळातल्या वस्तीचीही त्यांनी नीट नोंद केली. तिथल्या बहुरंगी काचेच्या बांगड्यांमुळे दीक्षितांना काचेचा छंदच लागला म्हणा ना. पुढे त्यांनी भारतीय काचेच्या इतिहासावर ग्रंथच लिहिला. नेवाशाच्या अहवालातही सगळ्यात वरच्या मुस्लिम-मराठा काळाला आपले स्वतंत्र पान मिळाले. आणि डेक्कन कॉलेजच्या म. श्री. माट्यांनी तर मध्ययुग हाच विषय धरला. मराठा वास्तुकलेवर त्यांनी आधी लिहिले होते, आणि १९८० च्या दशकात ते दौलताबादला उतरले. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी नेली ती हीच दौलताबाद. शाळेत आपण "वेडा महंमद" एवढेच शिकतो. पण राजधानी नेली म्हणजे माणसे नेली, माणसे नेली म्हणजे पाणी, बाजार, रस्ते, हमाम आले. किल्ला सगळ्यांनी पाहिला होता. किल्ल्याच्या तटाआडचे शहर शोधण्याचे काम माट्यांच्या पिढीने सुरू केले.

आता चिलमीकडे परत येते. ढिगाऱ्यात टाकलेल्या त्या चिलमी किती बोलक्या होत्या ते बघा. तंबाखू अमेरिकेतली. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून पसरली. म्हणजे ज्या थरात तंबाखूची चिलीम तो थर साधारण १६०० च्या अलीकडचा. कार्बन-१४ ची महागडी तपासणी या कामी फारशी मदत करत नाही, कारण साधारण १६५० नंतरच्या काळासाठी त्या पद्धतीने येणारे उत्तर दोन-तीन शतके इकडेतिकडे पसरते. तिथे दोन पैशांची चिलीम प्रयोगशाळेला मागे टाकते.

नाण्यांचे मात्र उलटे आहे. शिवराई सापडली की आपला ऊर भरून येतो आणि आपण जाहीर करतो, "शिवकालीन!" पण शिवराई नावाचे तांब्याचे नाणे शिवाजी महाराजांनंतरही पाडले जात होते आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत बाजारात चालत होते. नाणे सांगते ते इतकेच, की हा थर त्या नाण्याच्या आधीचा नाही. किती नंतरचा, हे त्याच्या शेजारची खापरे सांगणार. आणि खापरे तर आपण फेकलेली!

आता आपल्या शेजारी येऊ. बंगळूरहून साडेतीनशे किलोमीटरवर हंपी आहे. आपल्यापैकी बहुतेकजण जाऊन आलेले असाल. दगडी रथापुढे फोटोही असेल. उत्तर मध्ययुगाचे पुरातत्त्व शिकायचे तर भारतात त्याच्यासारखी शाळा नाही. १५६५ च्या लढाईनंतर राजधानी उठली आणि त्यावर पुन्हा तेवढे मोठे शहर बसले नाही. पुणे, दिल्ली, बंगळूर यांच्या पोटात जुने शहर आहे, पण वर आपण राहतो. हंपीत वर शेते आणि झुडपे आहेत.

कर्नल मॅकेंझीने १७९९ मध्ये तिथला नकाशा काढला, रॉबर्ट स्यूएलने १९०० मध्ये विजयनगरवर पुस्तक लिहिले. पण तोवर सारे लक्ष देवळांवर आणि राजांवर. १९७६ पासून केंद्र आणि राज्य दोघांच्या पुरातत्त्व खात्यांनी मोठ्या प्रमाणावर खोदकाम सुरू केले. १९८० पासून राज्य खात्याचे नागराज राव यांच्या साथीने जॉन फ्रिट्झ आणि जॉर्ज मिशेल हे दोघे दरवर्षी थंडीत येऊ लागले. त्यांनी कुदळ फारशी उचललीच नाही. उभे दिसते तेवढे मोजायचे, काढायचे, नकाशावर मांडायचे. पडकी भिंत, खडकातली खोबण, पायरी, पन्हळ काहीही सोडायचे नाही. त्यातून त्यांना दिसले की राजवाड्याच्या भागातले रस्ते आणि वाटा रामचंद्राच्या देवळाभोवती बांधल्यासारख्या आहेत. ते देऊळ शहराच्या आखणीची नाभी आहे. हे कुठल्याही पोथीत नव्हते. पायी फिरून, टेप धरून कळले.

तिथल्या पायऱ्यांच्या पुष्करणीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. हिरवट काळ्या दगडाची, चहूबाजूंनी नक्षीसारख्या पायऱ्यांची ती पुष्करणी १९८० च्या दशकात मातीखालून निघाली. तिच्या दगडांवर कानडी अक्षरे आहेत. कोणती दिशा, कितवा थर, कितवा दगड, अशा गवंड्यांच्या खुणा! आपण सुट्या भागांचे कपाट आणतो, त्याच्याबरोबर आकडे घातलेला कागद येतो ना, तसे. राजाचे नाव नाही, देवाचे नाव नाही. "हा दगड इकडे" एवढेच. इतिहासात ज्यांचे नाव कधी येत नाही त्या माणसांचा हात तिथे दगडावर दिसतो. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ उन्हात उभी होते. बरोबरची मंडळी जेवायला निघून गेली होती.

पुढे १९८७ पासून दहा वर्षे कार्ला सिनोपोली आणि कॅथलीन मॉरिसन या दोघी शहराबाहेरचा परिसर पायाखाली घालत होत्या. तळी, बांध, पाट, पायवाटा, लहान देवळ्या, पहाऱ्याच्या चौक्या, लोखंड गाळल्याची जागा अशी शेकडो स्थळे त्यांनी नोंदली. सिनोपोलीबाईंनी सरदारांच्या वाड्यांतल्या साध्या मातीच्या भांड्यांवर सबंध ग्रंथ लिहिला आहे. तिथे चिनी मातीच्या उंची भांड्यांचे तुकडेही मिळाले, पण त्या बसल्या काळ्या-तांबड्या मडक्यांचे तोंड किती रुंद, काठ कसा वळलेला, हे मोजत. तोंड लहान की पाण्याचे, रुंद की शिजवायचे. कुठल्या खोलीत काय होत असे, ते असे उलगडते. मॉरिसनबाईंनी कमलापूरच्या तलावातला गाळ काढून त्यातले परागकण तपासले. कोणत्या काळी आसपास झाडी होती, केव्हा ती तुटून शेती वाढली, हे गाळ सांगतो. फर्मानात राजा म्हणतो, आम्ही एवढी जमीन दिली. ती जमीन खरोखर पिकली का, हे तलावाला विचारावे लागते.

थोडे रायगडाबद्दल. २०१७ पासून तिथे पुरातत्त्व खाते आणि रायगड विकास प्राधिकरण यांचे काम चालू झाले. २०२१ मध्ये सोन्याची एक बांगडी मिळाली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो आला. मलाही चार जणांनी फोन केले. पण वाड्यांची जोती, कौलांचे तुकडे, खिळे, खापरे यांचा फोटो कोणी छापत नाही. गडावर घरे कौलारू होती की गवताने शाकारलेली, हा प्रश्न बांगडी सोडवत नाही, कौल सोडवते. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. आनंद झालाच. आता तिथे जाणाऱ्या गर्दीच्या पायांखाली ती खापरे असणार, याची काळजीही वाटली.

आणि आता आपले गाव. हो, आता हेच आपले गाव. माझी इथली चाळीस वर्षे झाली.

१५३७ मध्ये केंपेगौडाने मातीचा कोट घालून पेटा वसवल्या. चिक्कपेटेत साडी घ्यायला जाता तेव्हा त्याच आखणीतून चालता. अक्कीपेटे तांदळाची, बळेपेटे बांगड्यांची, अरळेपेटे कापसाची, कुंबारपेटे कुंभारांची, उप्पारपेटे मिठागरांची. नावे हाच इथला सगळ्यात वरचा थर आहे. पाणी तळ्यांचे. धर्मांबुधी तळ्यावर आज मॅजेस्टिकचा बसस्टँड आहे, संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम. पावसाळ्यात मॅजेस्टिकला पाणी तुंबले की लोक महापालिकेला शिव्या देतात. मी म्हणते, तळे आपली जागा विसरलेले नाही.

१६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा मुलूखही त्यांच्याकडे. इथल्या त्यांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये कवीच्या राधामाधवविलासचंपूत आहे, राजवाड्यांनी तो १९२२ मध्ये छापला. पंडित किती, कवी किती, भाषा किती, सगळे त्यात आहे. पण कवीने दरबार सांगितला, जमिनीवरचे शहर सांगितले नाही. शहाजीराजांची समाधी इथून दूर, दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरेला आहे. १६६४ च्या जानेवारीत शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून ते तिथे गेले. बंगळुरात त्या पन्नास वर्षांचे डोळ्यांनी दिसणारे, तारीख असलेले जे आहे, ते मल्लेश्वरममध्ये.

काडु मल्लेश्वराच्या परिसरातला १६६९ चा एकोजीराजांचा शिलालेख आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? हात वर करा. ... तीन. त्यातले एक माझे यजमान.

मल्लपूरच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची ही नोंद आहे. मल्लेश्वरमचा जुना उल्लेख हाच. दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, लेख कानडीत आहे. भोसले घराण्याचा राजा, पण ज्यांनी वाचायचा त्यांच्या भाषेत कोरला. इथे येऊन वीस वर्षे झाली तरी "कन्नड गोत्तिल्ला" म्हणणाऱ्यांनी एकोजीराजांकडे एकदा बघावे. दुसरी, यात गाव दिल्याची नोंद आहे. तेवढ्यावरून "हे देऊळ मराठ्यांनी बांधले" असे ठरत नाही, आणि आपल्या मंडळींच्या बोलण्यात ते सर्रास येते. आधीपासून असलेल्या देवालाही गाव देतात. अभिमान जरूर असावा, पण तो दगडावर लिहिले आहे तेवढाच असावा. पुढे एकोजीराजे तंजावरला गेले, १६८७ मध्ये मोगलांच्या कासिमखानाने बंगळूर घेतले, आणि ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. गावाचा व्यवहार झाला. शिलालेख आपल्या जागी राहिला.

त्याच देवळासमोर १९९७ मध्ये नंदीतीर्थ मातीखालून निघाले. दक्षिणमुखी नंदी, त्याच्या मुखातून खालच्या शिवलिंगावर पडणारे पाणी, पुढे पुष्करणी. तिथे तुम्हाला चारशे वर्षांपासून सात हजार वर्षांपर्यंत कोणतेही वय ऐकायला मिळेल. सात हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे कोणी असा घडीव दगडी हौद बांधत नव्हते, एवढे मी खात्रीने सांगते. अशा जागेचे वय दगडापेक्षा गाळात असते. त्यातली खापरे, पणत्या, नाणी, बांगड्या. म्हणून कोठेही जुनी विहीर, जुने कुंड उपसायचे ठरले की उत्साहाने श्रमदान करण्याआधी राज्य पुरातत्त्व खात्याला एक पत्र टाका. गाळ एकदा ट्रकमध्ये चढला की संपले.

मेट्रोच्या वेळी हा प्रश्न सगळ्या शहरासमोर आला. २०१२ मध्ये के. आर. मार्केटच्या परिसरात खोदताना दोन तोफा निघाल्या. हैदर-टिपूच्या किल्ल्याचा तो भाग. तोफ मोठी, लोखंडी, यंत्राच्या दातांना अडकते म्हणून दिसली. मडकी अडकत नाहीत.

जाता जाता कायद्याचे. १८७८ चा निधीचा कायदा अजून आहे. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. घराचा पाया खणताना हंडा सापडला तर काय, असे मला दर गणपतीत कोणी तरी हळूच विचारते. उत्तर हेच. शिवाय हंडा एकट्याचा मोलाचा नाही. तो कशात ठेवला होता, वर काय झाकण होते, कोणत्या मातीत, हे जपले तर मोलाचा.

वीरगळ हा शब्द आपण मराठी समजतो. त्यातला "गळ" म्हणजे कानडी "कल्लु", दगड. सीमेवरून शब्द गेले-आले, दगड तिथेच राहिले. बी. एल. राइस, जन्माने बंगळूरचाच, त्याने १९०५ मध्ये बंगळूर जिल्ह्याचे शिलालेख एका खंडात छापले. त्यातले पुष्कळ दगड आज जागेवर नाहीत. रस्ते रुंद झाले, ले-आउट पडले. २०२१ पासून मिथिक सोसायटीने उरलेल्यांचे त्रिमितीय स्कॅन करण्याचे काम हाती घेतले. अक्षरे झिजली तरी संगणकावर ती वाचता येतात. हे काम करणारे बरेचसे दिवसा कंपनीत नोकरी करणारे आहेत, आपल्यासारखेच.

मागच्या वर्षी शहराच्या पूर्वेला एका ले-आउटमध्ये मला एक वीरगळ दिसला. गटारावर आडवा टाकलेला, पलीकडे दुकानात जायला. वरच्या बाजूला घासून गुळगुळीत झालेला योद्धा, त्याच्या हातातली तलवार अजून दिसत होती. दुकानदाराला माझ्या मोडक्या कानडीत समजावले. तो म्हणाला, "अम्मा, दगड उचलतो, पण मग माझं गिऱ्हाईक कसं येणार?" बरोबरच होते. आम्ही तिघांनी वर्गणी काढून त्याला सिमेंटची फरशी आणून दिली. मग त्यानेच चार पोरे बोलावली आणि वीरगळ पिंपळाच्या पारावर उभा केला. आता तिथे कोणी तरी रोज फूल वाहते. शेंदूरही लागला आहे. मला तो लागायला नको होता, पण मी गप्प बसले. गटारापेक्षा शेंदूर बरा.

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता काडु मल्लेश्वराच्या देवळासमोर जमू या. मुलांना आणा. येताना बॅटरी आणा. उजेड आडवा टाकला की झिजलेली अक्षरे उठून दिसतात. खडू, हळद, पीठ काही आणू नका, लेखाला हात लावायचा नाही. कानडी वाचता येणारे किमान एक माणूस बरोबर लागेल, त्यासाठी शेजाऱ्यांना विचारा. माझ्या शेजारच्या शारदम्मांना मी विचारले आहे. त्या येणार आहेत.